रोजकीर्द

मागच्या वर्षी मृगापासून हस्तापर्यंत मी पीएच.डी.च्या प्रबंधाची फाइल एकदाही उघडली नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर ती डाव्या कोपऱ्यात होती, ‘प्रकरण ३ नवीन’ या नावाची. रोज दिसायची. विद्यार्थ्यांचे गुण भरायला, मुलीच्या शाळेचा फॉर्म भरायला, वीजबिलासाठी मी लॅपटॉप उघडायचे आणि त्या कोपऱ्याकडे न बघता काम उरकून बंद करायचे. आपल्याच घरातल्या एका खोलीचं दार टाळत वावरावं, तसे ते चार महिने गेले.

नक्षत्रांची नावं सवयीनं आली. मी ज्या कागदांवर काम करते, त्यांचं वर्षच मृगाला सुरू होतं. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, आकड्यांऐवजी अरबी शब्दांत: ‘इहिदे सबैन मया व अलफ’. एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७०चा जून येतो. सूर्य मृगात गेला की नवं साल, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. शेतकऱ्याचं वर्ष जिथं सुरू होतं तिथंच सरकारी हिशेबाचंही. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की स्वारगेटहून साताऱ्याच्या एसटीत बसल्यावर शेजारच्या अनोळखी आजींना मी ते समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग बरोबरच आहे की गं.”

ती बाई कुठं गेली, हा प्रश्न मला त्या चार महिन्यांत रोज पडायचा. ती, म्हणजे आजी नव्हेत. त्यांना समजावून सांगणारी मी.

माझा विषय आहे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाई-सातारा भागातल्या पेठांमधली जकात. घाटाखालून मीठ, नारळ, सुपारी बैलांवर लादून वर यायची. वरून धान्य, गूळ, तूप खाली जायचं. माल पेठेत येऊन विकला गेला की थळमोड, पेठेतून भरून बाहेर निघाला की थळभरीत, असे जकातीचे प्रकार. आज टोलनाक्यावर उभं राहिलं की मला ते बैल दिसतात. २०१९ मध्ये नोंदणी झाली तेव्हा वाटलं होतं, चार वर्षं पुरे. पुढच्याच वर्षी करोना आला, दफ्तरखाने बंद झाले, मुलगी दोन वर्षांची होती. त्यानंतर मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवू लागले. सकाळचे तीन तास एकीकडे, दुपारचे दोन दुसरीकडे. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहासाची बॅच, कारण तासिकांचे पैसे कधी चार महिन्यांनी येतात, कधी सहा महिन्यांनी, आणि दूधवाला महिन्याच्या महिन्याला येतो. शिवाय पेपर तपासणी, नॅकच्या फायली, स्नेहसंमेलन, मतदार जागृतीची फेरी. घरी सासूबाईंचे गुडघे, मुलीचा अभ्यास, स्वयंपाक. नवरा बरोबरीनं करतो, हे लिहायलाच हवं. तरी रात्री साडेदहाला दोघंही पलंगाच्या दोन कडांना पडतो ते पडतोच.

यात नवीन काही नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात माझ्यासारख्या पाच-दहा जणी आणि जण सापडतील. मला लिहायचं आहे ते कामाच्या ओझ्याबद्दल तेवढं नाही, ओझ्याखाली इच्छा कशी विझते त्याबद्दल. कारण ती विझताना आवाज होत नाही. मला वाटत होतं मी दमले आहे, सुट्टी लागली की बसेन. मे महिन्याची सुट्टी लागली, सासूबाई नणंदेकडे गेल्या, मुलगी आजोळी गेली. घर रिकामं. पहिल्या दिवशी सकाळी टेबल पुसलं, टिपणवह्या काढल्या, चहा करून आणला. आणि दुपारी दोन वाजेपर्यंत मी मसाल्याच्या डब्या घासत होते. दुसऱ्या दिवशी माळा आवरला. दहा दिवस असे गेले. तेव्हा मला भीती वाटली. वेळ नाही म्हणून होत नाही, असं मी चार वर्षं सांगत आले होते. आता वेळ होता.

त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं एक मत बनलं आहे. बाकीच्या प्रत्येक कामाच्या पलीकडे कुणीतरी माणूस वाट बघत असतो. वर्गात साठ मुलं बसलेली असतात. तपासलेल्या पेपरची परीक्षा विभाग वाट बघतो. डब्याची मुलगी वाट बघते. प्रबंधाची वाट कुणीच बघत नाही. आज एक पान लिहिलं नाही तर जगात कुणाचंही काही अडत नाही; उद्याही नाही. वर्गाचा तास संपला की घंटा होते आणि काहीतरी झालं असं शरीराला कळतं. प्रबंधाला घंटा नाही. महिनाभर वाचून आपण जिथं होतो तिथंच असू शकतो, कधीकधी मागेही, कारण नवा रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं, उघडला की जुनं गृहीतक मोडतं. अशा कामाकडे मन हळूहळू पाठ फिरवतं. त्याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जे काम हाकही मारत नाही आणि ओही देत नाही, त्याच्याकडे रोज जात राहणं कुणालाही जड जाईल.

आणि काम न करण्याचाही एक शीण असतो. मी लिहीत नव्हते, पण विश्रांतीही घेत नव्हते. लग्नाच्या पंगतीत, मुलीबरोबर पत्ते खेळताना, रविवारी दुपारी पडल्यावर, सतत आत कुणीतरी म्हणत असे, “आत्ता तू लिहायला हवं होतंस.” ना धड संसार, ना धड शास्त्र. कॅरमची सोंगटी मारताना माझं लक्ष नाही हे मुलीला कळायचं. ती फक्त म्हणायची, “आई, तुझी पाळी.” ते आठवलं की अजून आत दुखतं.

आपल्याकडे संशोधनाबद्दल बोलताना एक शब्द हमखास येतो: तपश्चर्या. कार्यशाळेच्या उद्घाटनाला, मौखिकी झाल्यावरच्या चहापानाला, सत्काराच्या भाषणात. आमच्या विषयात त्या शब्दामागे इतिहासाचार्य राजवाडे उभे असतात. गावोगाव हिंडून त्यांनी कागद गोळा केले, साधनांचे बावीस खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले तेव्हाही काम चालूच होतं. त्यांच्यापुढे मी हात जोडते, आजही. पण पत्नी लवकर वारल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, हेही त्याच चरित्रात आहे. तपश्चर्येची अटच अशी की आसनावरून उठायचं नाही. उठला तो ढळला. मी दिवसाला पन्नास वेळा उठते. कुकरसाठी, दारावरच्या घंटेसाठी, सासूबाईंच्या गोळीसाठी. या मोजपट्टीनं मी रोज सकाळी आठच्या आत हरलेली असायचे आणि हरलेल्या माणसाला पुन्हा टेबलाशी बसवत नाही. हा शब्द आपण जपून वापरायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं. तरुण मुलामुलींसमोर तर नक्कीच.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसऱ्या शहरात. तिच्याकडे फेलोशिप होती, वर्गावर शिकवायचं नव्हतं, लग्न नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा. एका रात्री तिचा फोन आला. एकच अभिक्रिया सात महिने करते आहे, उत्पादन हाती येत नाही, असं काहीतरी ती सांगत होती, पण तिचा आवाज विचित्र सपाट होता. मी विचारलं, जेवलीस का? म्हणाली, परवा. झोप? पहाटे तीनला जाग येते, मग नाही. प्रयोगशाळेत जाते, एप्रन घालते आणि स्टुलावर बसून राहते. मग ती म्हणाली, “मी नसले तरी कुणाला फरक पडणार नाही गं.” मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

तो दमल्याचा प्रकार नव्हता, आजार होता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, गोळ्या दिल्या, समुपदेशन सुरू झालं, आणि चार-पाच महिन्यांत तिचा आवाज परत आला. त्या रात्री मला टेलिमानसचा नंबर माहीत नव्हता. आता तो मी वर्गात फळ्यावर लिहिते: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. थकवा सुट्टीनं थोडा तरी उतरतो, एखादी गोष्ट आवडते, भूक लागते. ज्याची भूक, झोप आणि आवड तिन्ही आठवड्यामागून आठवडे गेली आहेत, आणि जगण्यावरच जो उदास बोलू लागला आहे, त्याला वेळापत्रक कर, पहाटे उठ, असले सल्ले देऊ नयेत. त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावं. मी तिला आधी दोन वेळा “अगं, होतं असं, चिकाटी ठेव” म्हटलं होतं. ते शब्द मला परत घेता आले असते तर!

ती बरी होत असताना मी मात्र अडकलेलीच होते. शेवटी दिवाळीनंतर मॅडमना भेटायला गेले. आठ महिन्यांनी. जिन्यात पाय जड झाले होते. माझ्या मार्गदर्शक बोलायला कडक आहेत. मी मनात सगळी कारणं ओळीनं लावून नेली होती. त्यांनी एकही विचारलं नाही. कपाटातून कागद काढला आणि म्हणाल्या, “आधी हे वाच.” पीएच.डी.च्या मुदतीचा नियम होता. कमाल सहा वर्षं, पण स्त्रियांना वर दोन वर्षांची सवलत. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण ते माझ्यासाठी आहे असं मी कधी धरलंच नव्हतं. सवलत घेणं म्हणजे कमी पडणं, असं कुठंतरी बसलं होतं डोक्यात. मॅडम म्हणाल्या, “अर्ज आज करून जा. आणि मला प्रकरण नको आहे. काय वाचलंस ते सांग फक्त.” मी सांगायला लागले आणि जकातीच्या एका तपशिलापाशी माझा आवाज चढला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “हे कुठं लिहिलंयस?” कुठंच नव्हतं. “टिपणं पुष्कळ झाली. आता नवा रुमाल मागवू नकोस. आहे ते मांड.”

त्या अगदी बरोबर बोलल्या होत्या. लिहिण्याची भीती झाकायला मी दोन वर्षं नुसती सामग्री गोळा करत होते. अकरा टिपणवह्या.

घरी आल्यावर नवऱ्याशी बोलून संध्याकाळची बॅच सोडली. हे सोपं नव्हतं. घरखर्चात त्याचं भोक दिसतं, आणि मुलीचा पोहण्याचा क्लास पुढच्या वर्षावर गेला. पण कामाचा डोंगर तसाच ठेवून त्याच्यावर इच्छेचं रोप लावता येत नाही, हे मी पाहिलं होतं. काहीतरी प्रत्यक्ष खाली ठेवावं लागतं. ज्यांना तेही शक्य नाही, अशांना मी ओळखते, आणि त्यांच्यापुढे मला सल्ल्याचा एक शब्द काढवत नाही.

आणि मी एक वही केली. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द असे: त्या त्या दिवशीचा जमाखर्च, त्या त्या दिवशीचे हुकूम, रोजच्या रोज लिहिलेले. हुजूर दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या पुण्यातल्या मुख्य कचेरीत, दोनशेहून अधिक कारकून हे काम करत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३०च्या दशकात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा त्यांच्याही हाताखाली मोडी वाचणाऱ्यांची फळी होती. मी ज्याला एका माणसाचं तप समजत होते, ते पुष्कळदा पुष्कळ माणसांचं रोजचं काम होतं. तो कारकून मला तपस्व्यापेक्षा जवळचा वाटू लागला. त्यालाही घर असेल, त्याचेही गुडघे दुखत असतील. तो सकाळी येऊन बसत होता आणि दिवेलागणीला उठत होता. त्याच्या कागदाची घडी उघडली की अजून कधीकधी शाई सुकवायला टाकलेल्या वाळूचे चमकते कण बोटाला लागतात. बोरू शाईत बुडवला की अक्षर गडद, मग फिकं होत होत पुसट, मग पुन्हा एकदम गडद. कुठं बुडवला ते अडीचशे वर्षांनी दिसतं. मोडी शिकताना गुरुजींनी मला पहिले दोन दिवस अक्षर काढू दिलं नव्हतं. नुसत्या पानभर आडव्या रेघा. मोडीत आधी सबंध ओळीची रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. काय लिहायचं ते अजून यायचं असतं, रेघ आधी असते.

माझ्या रोजकीर्दीत मी एवढंच ठरवलं: झालं ते लिहायचं. उद्याचं काही लिहायचं नाही. पहाटे साडेपाच ते सव्वासहा, रोज, टेबलाशी बसायचं आणि उठताना एक ओळ. सोमवार: जुन्या तारखांची जंत्री पाहून चार तारखा लावल्या. मंगळवार: एक तळटीप. बुधवार: काही नाही. पहिल्या आठवड्यात ‘काही नाही’च्या पुढे मी कारणं लिहिली. मुलीला ताप, दोन्हीकडे परीक्षा, रात्री झोप नाही. चार दिवसांत ती वही माझ्याविरुद्धच्या फिर्यादीसारखी दिसू लागली. ती पानं फाडली. तेव्हापासून कारण लिहायचं नाही. जमा नसेल तर जमा नाही, इतकंच. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण माझ्यापुरतं सगळ्यांत जास्त काम या एका गोष्टीनं केलं. पहिल्या साठ दिवसांत अडतीस दिवस काहीतरी जमा होतं. बावीस दिवस नव्हतं. मला वाटत आलं होतं त्याच्या उलट होता हा हिशेब.

इच्छा मात्र परत आली नव्हती, हे खरं सांगते. मी बसत होते, ओळी होत होत्या, पण एसटीतल्या आजींना थांबवून सांगावं असं काही आत उसळत नव्हतं. कुणीतरी वाट बघायला हवं होतं. मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, “मलाही हवंच आहे कुणीतरी.” दर गुरुवारी रात्री साडेनऊला फोन. दोघींनी त्या आठवड्यात लिहिलेलं वाचून दाखवायचं, पाच ओळी असल्या तरी. शाबासकी द्यायची नाही, कीव करायची नाही, न समजलेलं विचारायचं. पाच महिने झाले. तिला जकात समजत नाही, मला तिचे उत्प्रेरक समजत नाहीत. पण गुरुवार जवळ आला की मंगळवारपासून माझी वही भरू लागते.

मागच्या गुरुवारी मी तिला मिठाबद्दलचं दीड पान वाचून दाखवलं. घाटाखालून आलेले बैल, पेठेत उतरलेला माल, बैलामागे घेतलेली जकात. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

“आहेस का?”

“आहे गं. विचार करत होते. मीठ उतरलं, मग तो बैल परत जाताना काय न्यायचा? रिकामा जायचा का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. येणाऱ्या मालाच्या नोंदी माझ्या चौथ्या वहीत आहेत, जाणाऱ्या मालाच्या सातवीत. वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या रुमालांतून उतरवून घेतलेल्या. दोन्हींच्या तारखा मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. तेच लमाण असतील तर नावं दोन्हीकडे सापडतील. रिकाम्या बैलाला जकात पडत असेल तर कुठंतरी तसा उल्लेख असेल. नसेल तर का नाही?

“सांगते तुला,” म्हटलं आणि फोन ठेवला. दोन्ही वह्या जमिनीवर पसरल्या. छ ५ साबान, छ १२ साबान, छ २० रमजान; छ म्हणजे चांद्र महिन्याची तारीख. नवरा मध्ये एकदा येऊन दिवा मोठा करून गेला. पावणेएकला तीन नावं दोन्हीकडे मिळाली. चौथ्या नावाचं अक्षर मी नीट उतरवलेलं नव्हतं, ‘स’ की ‘म’ ते कळेना. त्यासाठी मूळ कागदच बघायला हवा. तो पुण्यात, कौन्सिल हॉलजवळच्या दफ्तरात.

शनिवारी दुपारचे तास दुसऱ्या बाईंनी घ्यायचं कबूल केलं. रुमालाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवला, भिंग शोधून काढलं. स्त्रियांना एसटीचं तिकीट निम्मं झाल्यापासून एका दिवसाची फेरी परवडते. पहिली गाडी पावणेसहाला आहे. मुलीनं विचारलं, “तो बैल रिकामा गेला का?” म्हटलं, अजून माहीत नाही, बघून येते.